स्त्रीचे आरोग्य आणि घराचा दिनक्रम

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे चौथा आणि पाचवा हे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर महाराष्ट्राच्या सुबत्तेविषयी आपण ज्या अभिमानाने बोलतो त्या अभिमानाला खीळ बसावी अशी एक गोष्ट त्यांत नमूद झालेली दिसते. २०१५-१६ साली या राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ४८ जणींच्या अंगात रक्त कमी होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पुढच्या पाहणीत ही संख्या ५४ च्या वर गेली. बोटाच्या टोकातून थेंब घेऊन रक्त तपासण्याच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि त्यापोटी या आकड्यांतून काही वजा केले, तरी जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, शाळकरी मुलींना आठवड्यातून एक गोळी देण्याची तरतूद गेले दशकभर आहे आणि ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ ही मोहीम २०१८ पासून दप्तरी दाखल आहे, त्या राज्यात एवढ्या मोठ्या संख्येने स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या असाव्यात, याचा उलगडा केवळ औषधांच्या पुरवठ्यात शोधून होणार नाही. तो आपापल्या घरच्या स्वयंपाकघरात, तिथल्या वाढपाच्या क्रमात आणि दिवसाच्या घटकांची जी वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य करून बसलो आहोत तिच्यात शोधावा लागेल.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, दवाखान्यांच्या भिंतींवरील तक्त्यांतून आणि महिला दिनाच्या व्याख्यानांतून स्त्रियांना जो उपदेश केला जातो, म्हणजे रोज चालावे, मीठ-साखर आवरावी, पालेभाज्या आणि फळे खावीत, झोप पुरी घ्यावी, तंबाखूला शिवू नये, तो शास्त्रदृष्ट्या निखालस खरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या संशोधनात, स्त्रियांना येणाऱ्या हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागील धोक्याचा ९४ टक्के भाग तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, आहार, व्यायामाचा अभाव, मनावरचा ताण अशा नऊ बाबींनी स्पष्ट होतो, आणि या नऊही बाबी थोड्याफार प्रयत्नाने बदलता येण्याजोग्या आहेत, असे दिसून आले. अमेरिकेतील परिचारिकांचा जो प्रदीर्घ अभ्यास १९७६ पासून चालला आहे, त्यात धूम्रपान न करणे, वजन आटोक्यात ठेवणे, नियमित व्यायाम, सकस आहार आदी अटी पाळणाऱ्या स्त्रियांना हृदयरोगाचा धोका इतरांहून ८० टक्क्यांपेक्षाही कमी असल्याचे २००० साली जाहीर झाले. परंतु त्याच अहवालातील दुसरा आकडा आपल्या उपदेशकांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही: सुमारे ८४ हजार परिचारिकांपैकी या साऱ्या अटी पाळणाऱ्या स्त्रिया अवघ्या ३ टक्के होत्या. ज्यांना वैद्यकाचे ज्ञान होते, नियमित वेतन होते, संपन्न देशाची सारी अनुकूलता होती, त्यांच्या बाबतीत जर ज्ञानाचे आचरणात रूपांतर इतके दुर्घट ठरले, तर ज्या स्त्रीच्या दिवसावर, पैशावर आणि ताटावर तिची स्वतःची सत्ता नाममात्र आहे, तिला एकटीलाच समोर बसवून सवयी बदलण्याचा उपदेश करणे हे निष्फळ तर आहेच. पण रोगाचा दोष रोग्याच्याच माथी मारणारे असल्यामुळे ते अन्यायाचेही आहे. स्त्रीचे आजार टाळायचे असतील तर घराचा दिनक्रम बदलला पाहिजे, आणि तो बदलण्याची जबाबदारी घरातील सर्वांची, विशेषतः ज्यांच्या सोयीसाठी तो आजवर आखला गेला त्या पुरुषांची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यम स्थितीतील एखाद्या घरात, मग ते तालुक्याच्या गावी असो की शहरातील दोन खोल्यांत, रात्री साडेनऊच्या सुमारास काय चालते ते पाहावे. पुरुषमंडळी आणि मुले जेवून उठलेली असतात, सासूबाईंचे ताट झालेले असते, कोशिंबिरीचे भांडे रिकामे होऊन मोरीत गेलेले असते. वरण पातेल्याच्या तळाशी पळीभर उरले आहे, भाजीचा नुसता रस्सा आहे, आणि दुरडीत सकाळची अर्धी भाकरी आहे. ती टाकवत नाही म्हणून सून आधी तीच घेते, रश्शात कुस्करते, आणि एक कान बाहेरच्या खोलीकडे ठेवून पाच मिनिटांत जेवण उरकते. सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर तिने चहात बुडवून शिळी पोळी खाल्लेली असते, तेवढीच तिची न्याहारी. तिला कोणी मुद्दाम उपाशी ठेवलेले नसते. घरात तिच्याविषयी माया असते. आणि तिलाही यात काही वावगे वाटत नसते, कारण तिने आपल्या आईला याच क्रमाने जेवताना पाहिलेले असते. पण शरीर मायेचा हिशेब ठेवत नाही. तीसपस्तीस वर्षे दर महिन्याला रक्त जाते, बाळंतपणांत त्याहून अधिक जाते, आणि आपल्या डाळी, ज्वारी-बाजरी व पालेभाज्यांतील लोहाचा फार थोडा अंश आतड्यांतून रक्तात उतरतो. लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोशिंबीर यांच्या संगतीने तो वाढतो आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने घटतो. म्हणजे ज्या जिनसांनी तिच्या जेवणातले लोह अंगी लागले असते त्या तिच्या पाळीपर्यंत संपतात आणि जो पदार्थ त्या लोहाला अडवतो तोच तेवढा तिच्या न्याहारीला हमखास असतो. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या, पोटात मळमळते, शौचास काळे होते, म्हणून फडताळातल्या डब्यात पडून राहतात. त्या जेवणानंतर घ्याव्यात, चहाशी त्यांचे अंतर ठेवावे आणि हे त्रास धोक्याचे नाहीत, हे दोन मिनिटे बसून समजावून सांगणारे माणूस तिला बहुधा भेटलेले नसते.

या ताटाचा परिणाम तिच्यापाशीच थांबत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास करीत आले आहेत, त्यात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. ही मुले दिसायला किरकोळ. परंतु त्यांच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली, आणि ही ठेवण पुढील आयुष्यात मधुमेहाला अनुकूल ठरते असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार येत असे, त्यांची मुले अधिक भरलेली जन्मली. पुढे मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या एका प्रयोगात, स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दूध यांपासून केलेला एक खाऊ देण्यात आला, आणि इतर स्त्रियांत गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्के असताना या स्त्रियांत ते ७.३ टक्क्यांवर आले. औषध नाही, यंत्र नाही. माठ-पालक, एखादे फळ, थोडे दूध. या प्रयोगातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो: तो खाऊ स्त्रियांनी केंद्रावर येऊन, कार्यकर्त्यांच्या समोर खायचा होता. तो घरी नेण्याची मुभा असती तर त्यातला किती तिच्या मुखी आणि किती मुलांच्या मुखी गेला असता, हे कोणत्याही आईला सांगावे लागणार नाही. अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा वाटून आपण कर्तव्यमुक्त झालो असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी या तपशिलाचा विचार करावा.

तेव्हा माझी पहिली मागणी घरच्या पंक्तीविषयी आहे. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, आणि ते कामाच्या वेळांमुळे शक्य नसेल तेथे वाढप सुरू होण्यापूर्वी घरच्या स्त्रीचे ताट भाजी, वरण, कोशिंबीर आणि लिंबाच्या फोडीसह वाढून झाकून ठेवावे. आणि हे काम तिने स्वतः करू नये, घरातील कर्त्या पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने करावे, कारण स्वतःसाठी आधी बाजूला काढून ठेवण्याचा संकोच तिच्या अंगी खोलवर मुरलेला आहे. उपवासांविषयीही थोडे बोलले पाहिजे. व्रतामागची श्रद्धा आणि संयम यांविषयी मला आदर आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीनदा साबुदाणा आणि बटाटा यांवर दिवस काढणे चाळिशी उलटलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्रीला मुळीच हितावह नाही. त्याच उपवासाला राजगिरा, भगर, शेंगदाणे, ताक आणि एखादे फळ चालते.

वेळेचा प्रश्न आहाराहूनही बिकट आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या आणि जे पुरुष घरकाम करीत ते ९७. आणि मुळात दिवसभरात काहीही घरकाम करणारे पुरुष शंभरांत सव्वीसच होते, तर स्त्रिया एक्याऐंशी. आरोग्यासाठी आठवड्यातून दीडशे मिनिटे, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे झपाट्याने चालणे पुरेसे आहे. परंतु ही वीस मिनिटे पाच तासांच्या कोणत्या कोपऱ्यातून काढायची, हे तिला सांगणारा कोणी नसतो. घरकामात व्यायाम होतोच की, असे जे म्हटले जाते ते अपुऱ्या माहितीवर आधारलेले आहे. तासन्‌तास ओट्यापाशी उभे राहण्याने आणि ओणवे होऊन केर-फरशी करण्याने कंबर व गुडघे झिजतात, पण हृदय व फुप्फुसे यांना लागणारा सलग, जलद श्रम त्यातून मिळतोच असे नाही. आणि शहरात मिक्सर, धुलाईयंत्र व मोलकरीण आल्यावर तर तोही बहुतांशी उरत नाही. शिवाय वेळ काढला तरी अडसर आहेतच: खेड्यात स्त्री निष्कारण रस्त्याने चालताना दिसली तर लोक काय म्हणतील ही धास्ती, शहरात दिवे नसलेली गल्ली आणि मोटारींनी अडवलेला पदपथ. पन्नाशीच्या आसपास पाळी जाते, तिच्याबरोबर शरीराला आजवर मिळालेले नैसर्गिक संरक्षण जाते, हाडे विरळ होऊ लागतात, रक्तदाब चढतो. अशा वेळी चालणे, ऊन, नाचणी, दूध-दही यांची जोड मिळाली नाही, तर साठीत न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते.

हृदयविकाराचा झटका स्त्रीला येतो तेव्हा बहुधा छातीत कळ येते. पण पुष्कळदा तिच्या जोडीने, किंवा ती नसतानाही, धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे दिसतात, आणि ‘पित्त झालं असेल, थोडं पडून राहा’ असे घरचे म्हणतात. तीही सगळ्यांची जेवणे उरकून मग पाहू असे म्हणते. हातातून गेलेल्या त्या दोन तासांची भरपाई पुढे कोणताही तज्ज्ञ करू शकत नाही.

मशेरीविषयी लिहिताना मला खेद अधिक होतो, कारण या व्यसनाला आपण व्यसन मानतच नाही. तव्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांवर घासायची. हा उद्योग महाराष्ट्रातील असंख्य घरांत सासू आणि सून एकाच डबीतून, दिवसातून चार-पाच वेळा करतात, आणि पुरुषाच्या विडीकडे ज्या नजरेने पाहिले जाते त्या नजरेने त्याकडे कोणी पाहत नाही. सुरुवात दात घासण्यासाठी होते. पुढे डोके दुखते म्हणून, शौचास साफ होत नाही म्हणून, आणि भूक मरते म्हणूनही. ज्या स्त्रीचे ताट शेवटी वाढले जाते तिला भूक मारणारी ही पूड हवीशी वाटावी, यात मला या साऱ्या प्रश्नाचे मूळ दिसते. मशेरीमुळे तोंडाचा कर्करोग होतो आणि गरोदरपणी ती चालू राहिली तर मूल कमी वजनाचे जन्मते. आशा कार्यकर्तीने गरोदर स्त्रीची नोंद करताना मशेरीची चौकशी न चुकता करावी आणि ती सुनेपाशी एकांतात न करता सासूला शेजारी बसवून करावी, कारण डबी घरातून जायची असेल तर दोघींच्या संमतीनेच जाईल.

चुलीच्या धुराचेही तसेच. घरात गॅस आला, शेगडीवर चहा होतो, पाहुण्यांचा स्वयंपाक होतो. पण अंघोळीचे पाणी आणि भाकऱ्या अजून चुलीवरच, कारण सिलिंडर पुन्हा कधी भरून आणायचा हे ज्याच्या खिशात पैसे असतात तो ठरवतो, आणि धूर ज्याच्या डोळ्यांत जातो तो त्या निर्णयात नसतो. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या स्त्रियांना दम्यासारखा जडलेला श्वसनरोग या धुराची देणगी आहे, हे आता वादातीत आहे.

आणखी एक सवय बदलायची आहे ती दुखणे झाकण्याची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले, आणि साऱ्या वैद्यकविश्वाला त्यांची दखल घ्यावी लागली: ९२ टक्के स्त्रियांना गर्भाशयाचा वा जननमार्गाचा एक तरी विकार होता, आणि त्यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हे अंतर कमी केल्याने काय साधते याचा पुरावाही याच महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारा एक अभ्यास झाला. त्यात ज्या गटातील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी आयुष्यात केवळ एकदा केली गेली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिक्षण देऊन, केवळ व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी त्यांच्याकरवी वस्त्यांतून केली, आणि बारा वर्षांच्या अखेरीस याच रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तिशीनंतरच्या प्रत्येक स्त्रीने रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी ठरावीक मुदतीने करून घ्यावी; आणि त्यासाठी एक दिवस घर सांभाळून तिला दवाखान्यात नेणे हे नवऱ्याने आपले काम समजावे.

घरापलीकडचा एक दिनक्रम आहे, तो मालकाने आखलेला असतो, आणि तेथे कुटुंबाच्या सदिच्छेलाही फारसा वाव नसतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी स्त्री नवऱ्यासह ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या श्रमाने फेडायची असते, आणि एखादा दिवस कामावर गेले नाही तर खाडा म्हणून दंड पडतो. पहाटे भाकऱ्या थापून फडात जायचे, मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, पाळी आली तरी जायचे, आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे. त्यातून मूत्रमार्गाचे आणि जननमार्गाचे विकार होतात, आणि ते हंगामात आड येऊ नयेत म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर पंचविशी-तिशीतच रजोनिवृत्ती येते, आणि हाडांचा व हृदयाचा जो ऱ्हास पन्नाशीनंतर सुरू व्हायचा तो वीस वर्षे अलीकडे येतो.

या स्त्रीला भरपूर पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी असे सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल, जेव्हा कारखाना, मुकादम आणि मजूर यांच्यातील करारनाम्यात काही कलमे सक्तीची होतील: पाळीच्या आणि गरोदरपणाच्या दिवसांचा खाडा माफ, फडाजवळ आणि कोप्यांच्या तळावर पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी बंदिस्त शौचकूप, गाव सोडताना आणि हंगाम संपवून परतल्यावर रक्ताची व जननमार्गाची तपासणी, तिची नोंद स्त्रीच्या हाती, आणि मजुरीचा तिचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात. ऊसतोड कामगारांसाठी शासनाने स्वतंत्र महामंडळ स्थापन केले आहे. या कलमांची अंमलबजावणी त्याच्याकडे सोपवता येईल. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मुकादमांच्या उचली त्याच्या कितीतरी आधी वाटल्या जातात; तेव्हा ही कलमे येत्या हंगामाला लागू व्हायची असतील, तर ती श्रावण उलटण्यापूर्वी कागदावर आली पाहिजेत.